अडचण सातबाऱ्यावर आहे

एकांनी लिहिलंय की मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकासारखे जंगल राखण्यासाठी त्याच्या मालकांना दरवर्षी पैसे दिले की कोकणातलं जंगल आपोआप वाचेल. कल्पना चांगलीच आहे, पण तिथली अर्धी गोष्ट सांगायची राहिली. १९९६च्या वन कायद्याने तिथे आधी जंगल साफ करून कुरण किंवा शेत करायला बंदी घातली. पैसे १९९७पासून सुरू झाले, तेही मुख्यतः इंधनावरच्या करातून. शिवाय गोमांसाच्या निर्यातीचा धंदा त्याआधीच मंदावला होता, म्हणजे मालकाला जंगल तोडून फारसं काही मिळतही नव्हतं.

आपल्याकडे घोडं अडतं ते सातबाऱ्यावर. रत्नागिरीतलं बहुतेक जंगल खासगी आहे. एकेका गटावर पंचवीस-तीस नावं, त्यातली कितीतरी मयत, बाकीचे मुंबईला. लाकडाच्या ठेकेदाराला त्याचं काही वाटत नाही. गावात राहणाऱ्या दोघा भावांच्या हातात तो रोख ठेवतो आणि ऐन, किंजळ सपासप आडवे करून ट्रक भरतो. सरकारी योजनेला मात्र सगळ्यांच्या सह्या आणि वारसनोंदी लागणार. (गणपतीत सगळे गावी येतात तेव्हा सह्या घ्याव्यात, असं सुचवणारेही भेटतात. भाऊबंदकी माहीत नसावी त्यांना!)

दुसरं म्हणजे ठेकेदार एकरकमी देतो. घराचं छप्पर नाहीतर मुलीचं लग्न वर्षाकाठच्या चार पैशांत होत नाही. माझ्या मते पहिला हप्ता मोठा हवा आणि वारसनोंदीचा खर्च योजनेतच धरायला हवा.