‘होम अलोन’: विसरलेला मुलगा आणि शेजारचे आजोबा

‘होम अलोन’मध्ये आठ वर्षांचा केविन घरी विसरून आईवडील पॅरिसला जातातच कसे, हा काहींचा आक्षेप मला पटत नाही. कारण १९९०च्या या चित्रपटात रात्री वीज जाऊन गजर बंद पडतो, घाईगडबडीत शेजारचा मुलगा केविन समजून मोजला जातो आणि सांडलेले दूध पुसताना केविनचे तिकीटही कचऱ्यात जाते, अशी पटकथेने भक्कम तजवीज केलेली आहे.

घरात शिरणाऱ्या चोरांसाठी केविन लावतो त्या सापळ्यांत फार हिंसा आहे, ही तक्रार मात्र मी निम्मी मान्य करतो. अनवाणी चोराच्या तळव्याखाली काचेचे शोभेचे गोळे फुटतात तिथवर हसू येते. पण चेहऱ्यावर इस्त्री आदळते तेव्हा, खरे सांगायचे तर, मी आता नजर वळवतो. लहानपणी मात्र तेच प्रसंग पुन्हा पुन्हा पाहिले होते!

ज्यांना हा निव्वळ धांगडधिंगा वाटला, त्यांनी चर्चमधला प्रसंग पुन्हा पाहावा. नातीचे गाणे दुरून ऐकायला आलेले, मुलाशी अबोला धरलेले शेजारचे मार्ली आजोबा केविनशेजारी बसतात आणि ‘मुलाला फोन करा’ हा साधा सल्ला त्या पोराकडून ऐकतात. मला वाटते, चित्रपटाचा जीव तिथे आहे, सापळ्यांत नाही.