शब्दचर्चा : ‘एकोणतीस’मधल्या ‘एकोण’चं करायचं काय?

पाटीवरची
पहिली-दुसरीच्या मुलांना संख्या तोंडी सांगून लिहायला लावल्या की दोन प्रकारच्या चुका हमखास येतात. ‘पंचेचाळीस’ म्हटलं की काही जण ५४ लिहितात. ही चूक कळते, कारण कानावर पाच आधी येतो. दुसरी चूक जास्त छळते. ‘एकोणतीस’ म्हटलं की कुणी ३९ लिहितं, कुणी ३१. खरं सांगायचं तर ३१ लिहिणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. त्यांनी ‘एक’ ऐकलं, ‘तीस’ ऐकलं, दोन्ही इमानदारीत मांडलं. मधल्या ‘ओण’चं काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

तर जाणकारांनो, या ‘एकोण’ची नेमकी फोड काय? ती सहा-सात वर्षांच्या मुलाला सांगावी का? आणि एकोणीसपासून एकोणऐंशीपर्यंत नीट चालणारी ही गाडी नव्व्याण्णवला रूळ का सोडते?

कानामात्रा
फोड सरळ आहे : एक + ऊन. ‘ऊन’ म्हणजे कमी (आकाशातलं ऊन नव्हे). संस्कृतात ‘एकोनविंशति’ म्हणजे एकाने कमी असलेले वीस. त्याचंच घासून घासून एकोणीस झालं. हिंदीने पुढचा ‘एक’ टाकून दिला आणि ‘उन्नीस’, ‘उनतीस’ ठेवलं. आपण ‘एक’ जपून ठेवला, त्यामुळे मराठी शब्द जास्त स्पष्ट बोलतो. ऐकणाऱ्याला ‘ऊन’ ओळखता आला पाहिजे, एवढीच अट.

आणि हा ‘ऊन’ परका नाही. उणे, उणा, उणीव, न्यून, उणंदुणं ही सगळी त्याचीच भावंडं. सगळ्यात गमतीचं भावंड म्हणजे ‘पाऊण’. मूळ शब्द पादोन, म्हणजे पाद + ऊन, पाव कमी. पाऊण म्हणजे पावाने कमी एक, आणि पावणेतीन म्हणजे पावाने कमी तीन. एकोणतीस आणि पावणेतीन ही एकाच साच्यातली नावं आहेत. दोन्ही ठिकाणी मोजणारा पुढच्या मुक्कामाकडे बघून बोलतो आणि तिथपर्यंत किती कमी पडतंय ते सांगतो.

‘अडीच’ही पुढच्याच आकड्यावरून आलेला आहे. अर्धतृतीय, म्हणजे तिसरा अर्धा. जुन्या पाढ्यांत ‘औटकी’ असायची. तिच्यातला औट म्हणजे साडेतीन, तोही अर्धचतुर्थ, चौथा अर्धा. पण अडीच आणि औट यांत ‘ऊन’ नाही, तेव्हा ते चुलतभाऊ म्हणा.

गोडंबी
म्हणजे पोरं ‘उणे’चं चिन्ह शिकायच्या कितीतरी आधी वजाबाकी बोलत असतात! हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं असतं तर.

निवृत्त पेन
पाटीवरचीताई, आमच्या वेळी यावर उपाय होता. सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा : एकावर पूज्य दहा, एकावर एक अकरा… दोनावर पूज्य वीस, दोनावर एक एकवीस… दोनावर नऊ एकोणतीस, तीनावर पूज्य तीस. संध्याकाळी दिवेलागणीला शुभंकरोतीनंतर परवचा, त्यातही हेच. आमच्यापैकी कुणी एकोणतीसचे ३९ केले नाहीत. करणाऱ्याचे हात लाल होत, तो भाग वेगळा.

नव्या मंडळींसाठी : इथे पूज्य म्हणजे शून्य. ‘अकलेच्या नावाने पूज्य’ म्हणतात त्यातलं. आदरणीय असा अर्थ घेऊ नये.

कानामात्रा
काका, ‘दोनावर नऊ एकोणतीस’ या ओळीचं मला फार कौतुक आहे. तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी शेजारी ठेवल्यात. ‘दोनावर नऊ’ ही लिहिण्याची सूचना, अगदी डावीकडून उजवीकडे, लिहायच्या क्रमाने. ‘एकोणतीस’ हे त्या संख्येचं नाव. नाव आणि लेखन यांचा मेळ बसत नाही हे पंतोजींनाही ठाऊक असणार. त्यांनी नाव बदललं नाही, नावाच्या आधी लेखन म्हणून घेतलं.

पाटीवरची
पण त्या ओळीतून दोन म्हणजे दोन दशक हे कळत नाही ना. ‘दोनावर नऊ’ म्हणणाऱ्या मुलाला विचारा, यातला दोन मोठा की नऊ? तो नऊ सांगणार. आकडे सुबक लिहिणं आणि त्यांची स्थानिक किंमत कळणं यांत बरंच अंतर आहे. (‘स्थानिक किंमत’ या शब्दाचाही एकदा वेगळा धागा काढायला हवा. मुलं विचारतात, किंमत म्हणजे किती रुपये?)

चष्मेबद्दूर
मग २०१९ची बालभारतीच बरोबर होती म्हणायची! दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा केवढा गहजब झाला होता. विधानसभेतही विषय गाजला. ‘पन्नास तीन’वरचे विनोद तर अजून फिरतात. माझं स्पष्ट मत : त्रेपन्न हा शब्द मराठीचं वैभव आहे, पोरांना अवघड जातो म्हणून तो कापायचा नाही.

पाटीवरची
कापला नव्हता. पुस्तकात जुनी नावं होती आणि सोबतीला नवी वाचनपद्धत दिली होती. गणिताच्या अभ्यासगटाच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्यांचं म्हणणं असं की सत्त्याऐंशी, अठ्ठ्याण्णव असली जोडाक्षरांची नावं आणि उलटा क्रम यांत मूल अडकतं आणि मग गणितालाच घाबरतं. दक्षिणेकडच्या भाषांत दशक आधी बोलतात, याकडेही त्यांनी लक्ष वेधलं होतं. विनोद करणाऱ्यांपैकी किती जणांनी ते पान उघडून पाहिलं, कोण जाणे.

माझी तक्रार वेगळी आहे. ‘वीस नऊ’ कधी म्हणायचं आणि ‘एकोणतीस’ कधी, याचा उलगडा पालकांपर्यंत पोचलाच नाही. दोन नावं एका संख्येला कशाला, एवढंच घरोघरी पोचलं.

सीमेवरचा
आमच्या बेळगावच्या गल्लीत पोरं दोन्ही भाषांत मोजतात, तेव्हा माझे दोन आणे. कन्नडमध्ये एकवीस म्हणजे इप्पत्तोंदु : इप्पत्तु वीस, ओंदु एक. बावीस इप्पत्तेरडु. एकोणतीसला इप्पत्तोंबत्तु, सरळ वीस-नऊ. वीस आणि नऊ आले की एकोणतीस आपोआप आलं, पाठांतर नाही. मराठीत मात्र शंभरापर्यंतचं जवळजवळ प्रत्येक नाव वेगळं तोंडपाठ करावं लागतं. बावीसमधला ‘बा’ बेचाळीसमध्ये ‘बे’ होतो आणि ब्याऐंशीत ‘ब्या’.

पण कन्नडला फार डोक्यावर घेऊ नका. तिथला नऊ म्हणजे ओंबत्तु. त्याच्या शेपटीला ‘पत्तु’ आहे, म्हणजे दहाचं जुनं रूप. तोही दहाला थोडा कमी असाच शब्द असल्याचं भाषातज्ज्ञ मानतात. ‘एकोण’ची खोड तिथेही आहे, फक्त एकाच ठिकाणी कोंडून ठेवलीय.

निवृत्त पेन
‘वीस एक’ मराठी नाही म्हणणाऱ्यांना एक सांगतो. आमच्याकडे साताऱ्याला अक्षरओळख नसलेल्या बायका गवऱ्या, अंडी विसांनी मोजत. ‘तीन विसा नऊ’ म्हणजे एकोणसत्तर. मोठा गठ्ठा आधी, सुटे मागून. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला जे जमत होतं ते पुस्तकात छापल्यावर भाषा बुडते होय?

कानामात्रा
आणि शंभराच्या पुढे आपण सगळेच मोठा भाग आधी बोलतो. एकशे पाच, दोनशे तीस, पाच हजार सातशे. ‘पाच एकशे’ कुणी म्हणत नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) एक, दश, शत, सहस्र अशी परार्धापर्यंतची स्थानांची नावं आहेत. तिथे ‘दशगुणोत्तर’ असं स्वच्छ म्हटलंय, म्हणजे प्रत्येक नाव आधीच्याच्या दहापट. गोंधळ आहे तो अकरा ते नव्व्याण्णव या पट्ट्यातच, आणि मुलांना सगळ्यात आधी नेमका तोच शिकवायचा असतो.

गोडंबी
अवांतर : रिक्षावाले काका ‘एकोणसत्तर झाले’ म्हणाले की माझा इंग्रजी माध्यमातला लेक माझ्याकडे बघून विचारतो, ‘सिक्स्टी नाइन की सेव्हंटी नाइन?’ सतरा वर्षांचा घोडा आहे. कारण विचारलं तर म्हणतो, ‘सत्तर ऐकू आलं ना!’ हे ३९वाल्यांचंच मोठं रूप दिसतंय.

पाटीवरची
हो, तेच. आता वरचं सगळं वाचून माझ्यापुरतं काय ठरलं ते लिहिते, पटत नसेल तर हाणा.

वर्गात दोन साधनं असतात, काड्या आणि गणितमाळ. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधायचे, उरलेल्या सुट्या. माळेत शंभर मणी, दहा एका रंगाचे, दहा दुसऱ्या. आपण दोन्ही साधनं एकाच धड्यात काढतो आणि दोन्हींवर ‘एकोणतीस’ हेच नाव चिकटवतो. काड्यांवर ते नाव खोटं पडतं. मुलाच्या समोर दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या काड्या आहेत. तीस कुठेच नाही, आणि आपण तोंडाने ‘तीस’ म्हणतोय! तिथे ‘दोन दशक नऊ सुटे’ किंवा ‘वीस नऊ’ हेच खरं वर्णन.

माळेवर मात्र तीस दिसतो. तिसऱ्या रंगपट्टीच्या शेवटच्या मण्यावर बोट ठेवायचं, तीस. बोट एक मणी मागे आणायचं. एक उणा तीस. एकोणतीस. मग चाळीसवर जायचं, एक मागे. पन्नासवर, एक मागे. सगळे ‘एकोण’ एकाच दिवशी, एकाच हालचालीने, आणि मधल्या नावांना त्या दिवशी हात लावायचा नाही. फोड सांगावी का, या माझ्याच प्रश्नाचं उत्तर : संधी नको, ‘ऊन’ हा शब्दही नको. ‘एक उणा’ पुरेसं आहे, कारण उणे त्यांना पुढे लागणारच.

थोडक्यात दशक-एकक काड्यांवर आणि ‘वीस नऊ’ने, नाव माळेवर. ‘पंचेचाळीस’चे ५४ करणाऱ्यांना याने फायदा नाही. त्यांना काकांचं ‘चारावर पाच पंचेचाळीस’च बरं, फक्त चार म्हणताना हातात चार गठ्ठे हवेत.

चष्मेबद्दूर
हे मान्य. त्रेपन्न शाबूत आहे तोवर माझी हरकत नाही. पण मूळ प्रश्नातला नव्व्याण्णव राहिलाच की.

कानामात्रा
संस्कृतात दोन्ही सोयी होत्या. नव्व्याण्णवला नवनवति (नव्वद आणि नऊ) आणि एकोनशत (एक कमी शंभर). मराठीकडे पहिलं आलं. दुसरं आलं असतं तर आज ‘एकोणशंभर’ म्हटलं असतं. एकोणनव्वदच्या घरात तर अजून दोघं नांदतात. पुस्तकात एकोणनव्वद, बोलण्यात पुष्कळदा नव्याऐंशी, म्हणजे ऐंशी आणि नऊ. हिंदीने तिथे ‘नवासी’ घेतलं आणि एकोणऐंशीला ‘उनासी’ ठेवलं. ते दोन शब्द फोनवर वेगळे ओळखून दाखवा.

सीमेवरचा
म्हणजे ताईंच्या माळेच्या खेळात नव्वदवरून एक मागे चालेल, पण शंभरावरून एक मागे आल्यावर नाव बदलणार. पोरं विचारणारच.

पाटीवरची
विचारतात. मागे एकीने स्वतःच ‘एकोणशंभर’ म्हणून टाकलं. मी बरोबर दिलं आणि खाली नव्व्याण्णव लिहून दिलं.

आणखी एक ठेच जाता जाता, कुणाला उपयोग झाला तर. शाब्दिक उदाहरणात ‘एकूण किती?’ आलं की माळेच्या खेळानंतरचे काही दिवस दोन-चार मुलं हटकून वजाबाकी करतात. एकूण आणि एकोण कानाला जुळे, अर्थाने अगदी उलटे. जुन्या लोकांच्या तोंडी ‘एकूणचाळीस’ही ऐकू येतं, त्यामुळे दोष मुलांना देता येत नाही. तेवढे दिवस मी उदाहरणांत ‘सगळे मिळून किती’ लिहिते.

गोडंबी
प्रश्न राहिला : एकोणीस की एकोणवीस? सासूबाई दुसरं म्हणतात आणि मला चुकीचं ठरवतात.

कानामात्रा
पुस्तकी रूप एकोणीस. एकोणवीस बोलण्यात सर्रास आहे आणि फोडीच्या दृष्टीने जास्त उघडं आहे, वीस लख्ख ऐकू येतो. सासूबाईंना चूक म्हणता येणार नाही, तुम्हालाही नाही.