बेघर व्यक्तीला हटवावे, की आधार द्यावा?

प्रश्न (नांदेड) : आमच्या गल्लीच्या तोंडाशी, बंद पडलेल्या रसवंतीच्या आडोशाला, एक वृद्ध गृहस्थ पोत्यावर झोपतात; दिवसा चौकात हात पसरतात आणि रात्री चिंध्यांचे गाठोडे छातीशी धरून स्वतःशीच बोलत बसतात. पोलिसांकरवी त्यांना हटवावे, असे काही शेजारी म्हणतात. मला ते पटत नाही. काय करावे?

उत्तर (परभणी) : राज्यात १९५९चा भीक प्रतिबंधक कायदा आहे हे खरे, परंतु गरिबीमुळेच माणसे भीक मागतात, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्यांना रस्त्यांवरून हटवण्याचा आदेश देण्यास नकार दिला होता.

उत्तर (लातूर) : आपण केलेल्या वर्णनावरून त्यांना उपचारांची गरज असावी, असे वाटते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार, मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या निराधार व्यक्तीला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे, आणि अशा व्यक्तीला कोठडीत ठेवता येत नाही. म्हणून पोलिसांकडे जाच, पण हे कलम लिहिलेला अर्ज घेऊन जा आणि त्याची पोच घ्या.

उत्तर (नांदेड) : आपल्या शहरात सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये कोणालाही, काहीही न विचारता, पंगतीत बसवून जेवू घालतात. प्रश्न निवाऱ्याचा उरतो. त्यासाठी महापालिकेच्या शहरी बेघर निवाऱ्याची चौकशी करा. मात्र त्यांचे गाठोडे फेकू नका, कारण बहुधा त्यातच त्यांचे आधार कार्ड असेल.