लॉर्ड सिन्हांच्या मुलाला अकरा वर्षे का थांबावे लागले?

प्रश्न: रायपूरचे सत्येंद्र प्रसन्न सिन्हा १९१९ मध्ये बॅरन (वंशपरंपरेने चालणारा ब्रिटिश उमराव-किताब) झाले आणि १९२८ मध्ये वारले. मग थोरले चिरंजीव अरुण कुमार यांचा हक्क १९३९ पर्यंत का अडकला? आणि हे रायपूर छत्तीसगडचे का?

वंशावळवेडा: रायपूर बंगालचे, बीरभूम जिल्ह्यातले. यात बरेच जण चुकतात.
घोळ सनदेच्या शब्दांत होता. किताब ‘विवाहातून झालेल्या औरस पुत्रांना’ मिळतो. आईवडिलांचे लग्न १८८० चे, हिंदू पद्धतीचे. त्या काळी हिंदू पुरुषाला दुसरी बायको करता येई आणि असे विवाह मानायला इंग्रजी कायदा कां-कू करायचा. म्हणजे पहिल्याच पत्नीचा मुलगा, तरी औरसपणा सिद्ध करा!

जुनी_सनद: सुटका ब्राह्मो समाजामुळे झाली. दांपत्य १८८६ मध्ये त्यात गेले, तिथे एकपत्नीत्वच. अरुण कुमार जन्मले १८८७ मध्ये, म्हणजे तोवर विवाह एकपत्नीक झालेला होता. लॉर्ड्‌स या ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहाच्या समितीने हक्क मान्य केला. माझ्या मते सगळ्यात मजेशीर भाग हाच.

प्रश्नकर्ता: आजही वारसाला आपोआप मिळतो?

वंशावळवेडा: किताब मिळतो, पण २००४ पासून सरकारी नोंदवहीत नाव चढल्याशिवाय अधिकृत कागदांवर तो लागत नाही. जन्माचे, लग्नाचे दाखले जोडा. त्या वरच्या सभागृहातली वंशपरंपरागत जागा मात्र १९९९ च्या कायद्याने, तेव्हा ९२ जणांचा अपवाद ठेवून, गेली.