बांडगूळ, अपिवनस्पती की हवावनस्पती?

विचारणा: मातीशिवाय वाढणाऱ्या टिलँडसियाला मराठीत काय म्हणावं? एके ठिकाणी 'शोभेचं बांडगूळ' वाचलं आणि खटकलं. 'हवावनस्पती' असंही लिहितात. यातलं चालण्यासारखं काय?

उत्तर: बांडगूळ तर मुळीच नको. बांडगूळ फांदीवर नुसतं बसत नाही, फांदीत घुसतं. पानं हिरवी असल्यामुळे अन्न स्वतः तयार करतं, पण पाणी आणि क्षार यजमान झाडाचे ओढतं. आयत्या बिळावरच्या माणसाला आपण बांडगूळ म्हणतो ते उगाच नाही. टिलँडसिया, झाडांवरची आमरी (ऑर्किड), काही नेचे (फर्न) यांना फक्त बूड टेकायला जागा हवी असते. या सगळ्यांसाठी मराठी विश्वकोशातला शब्द आहे 'अपिवनस्पती'. ग्रीक 'एपि' म्हणजे 'वर' आणि संस्कृत 'अपि' त्याच्याच नात्यातला, त्यामुळे शब्द जुळतो छान. मात्र 'अपि' म्हटलं की आपल्याला आधी 'सुद्धा' आठवतं, म्हणून पहिल्यांदा वाचणारा अडखळतो.

पुरवणी: घोळ आजचा नाही. अमरकोशात वन्दा, वृक्षादनी आणि वृक्षरुहा हे शब्द एकापाठोपाठ, एकाच अर्थाने येतात. वृक्षादनी म्हणजे झाड खाणारी, वृक्षरुहा म्हणजे झाडावर उगवणारी. दोघींना एकाच पंक्तीला बसवलंय! यातल्या वन्दावरूनच आमरीच्या एका प्रजातीला 'व्हँडा' नाव पडलं, आणि ती बिचारी कुणाचा रस पीत नाही.

विचारणा: पण झाडाखाली उभं राहून ओळखायचं कसं?

उत्तर: सांधा बघा. बांडगूळ जिथून निघतं तिथे फांदीला गाठ आलेली असते, आणि साल कुणाची कुठे संपते ते कळत नाही. ओढलंत तर फांदीचा तुकडा सोबत येईल. आमरीची मुळं सालीवरून सरपटत जातात: जाड, पांढुरकी, टोकाशी हिरवी. नखाने हळूच उचललीत तर खालची साल शाबूत दिसते. अमरवेल म्हणजे पिवळ्या दोऱ्यांचा गुंता. ती पक्की परजीवी. यजमानाला चिकटली की तिचं जमिनीतलं मूळही वाळून जातं.

आणखी एक: 'स्पॅनिश मॉस' या नावाने फसू नका. ते स्पेनचं नाही आणि शेवाळंही नाही. अमेरिका खंडातला टिलँडसियाच तो, म्हणजे अननसाच्या कुळातला. त्याच्या 'उस्निऑइडिस' या जातिनामाचा अर्थ 'उस्निया या दगडफुलासारखा'. त्याचा भाऊबंद टिलँडसिया रिकर्व्हाटा विजेच्या तारांवरही वाढतो. तारेतून कुठला रस मिळणार? परजीवी नसल्याचा याहून सोपा पुरावा नाही.

विचारणा: मग 'हवावनस्पती' का नको?

उत्तर: कारण तो शब्द वाचून लोक पाणी द्यायचं सोडतात. हवेवर कुणी जगत नाही. टिलँडसियाच्या पानांवर बारीक खवले असतात, पाणी त्यांतून आत जातं. कोरडं करडं पान पाण्यात बुडवून पाहा, बघता बघता हिरवं दिसू लागतं, कारण भिजलेले खवले पारदर्शक होतात. साधारणपणे आठवड्यातून एकदा 20 ते 30 मिनिटं भिजवावं, मग उलटं धरून झटकावं आणि चारेक तासांत पूर्ण सुकेल अशा वाऱ्यावर ठेवावं. पाणी गाभ्यात साचलं तर बूड काळं पडतं आणि पानं हातात येतात. खूप करड्या, खवलेदार जातींना पाणी कमी लागतं. उजेड भरपूर हवा, पण काचेमागचं कडक ऊन नको.

क्रियापदाकडेही लक्ष द्या. रोप आपण 'लावतो', हे 'बांधतो' किंवा 'टांगतो'. दोरा किंवा मासेमारीची तंगूस चालेल. तांब्याची तार मात्र नको, या कुळाला तांबं विषारी असतं.

विचारणा: फूल येऊन गेल्यावर माझं झाड सुकत चाललंय. बुडाशी लहान रोपं दिसतात, त्यांना काय म्हणायचं?

उत्तर: 'फुटवे' म्हणा, केळीच्या भाषेत 'मुनवे'. टिलँडसियाचा प्रत्येक गड्डा सहसा एकदाच फुलतो आणि मग सावकाश संपतो, त्यात तुमची चूक नाही. फुटवे आईच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे झाले की अलगद पिळून सोडवा, किंवा तसेच राहू द्या, झुबका होईल. आणि लिहिताना सरळ 'टिलँडसिया' लिहा. गुलाबाला आपण कुठे प्रतिशब्द शोधला?