जुनं गिऱ्हाईक आणि फुकट काचा
पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक दीड वर्ष वापरलेल्या चष्म्याच्या काचा फुकट बदलून मागतंय, काय करू, असं विचारलंत. आधी चष्मा ट्यूबलाइटखाली तिरका धरा. कोटिंगवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतील तर बहुतेक वेळा तो उष्णतेचा मार असतो: उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेला, नाहीतर गरम पाण्याने धुतलेला चष्मा. मधोमध ओरखडे असतील तर सदऱ्याच्या टोकाने कोरडंच पुसलंय. हे त्यांना भिंगातून दाखवा, निम्मा वाद तिथेच मिटतो. मी अशा वेळी काचा खरेदीच्या भावात देतो, फुकट नाही. नोजपॅड, स्क्रू मात्र कायम मोफत. पण नंबर किंवा अ‍ॅक्सिस (म्हणजे नंबराचा कोन) आपल्याकडून चुकला असेल तर चकार शब्द न काढता बदलून द्या. लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर, दोन मिनिटांत कळतं, वाद घालण्याआधी तेवढं बघाच.