आधी कथा, मग जेरेमी ब्रेट
पडद्यावरचा शेरलॉक होम्स बघायला बेनेडिक्ट कंबरबॅचच्या 'शेरलॉक' मालिकेपासून सुरुवात करावी का, असं एकाने विचारलंय. तीही मालिका छानच आहे, पण ती नंतर बघा. आधी ग्रॅनाडा टेलिव्हिजन या ब्रिटिश वाहिनीची, जेरेमी ब्रेट होम्स झालेली मालिका बघा (१९८४ ते १९९४, एकूण ४१ भाग). बहुतेक भाग तासाभराचे आणि मूळ कथेशी इमान राखणारे आहेत.

माझी पद्धत सांगते. दुपारी कथा वाचायची, रात्री तोच भाग लावायचा. सुरुवात 'द ब्लू कार्बंकल' या कथेपासून करा. नाताळचे दिवस, एक हंस (गूज) आणि एक जुनाट हॅट. होम्स त्या हॅटवरून तिच्या मालकाबद्दल तर्क करतो. हॅटवर कित्येक आठवड्यांची धूळ बसलीय, म्हणजे त्याची बायको आता लक्ष देत नाही. मेणबत्तीचे डाग आहेत, म्हणजे घरात गॅसचा दिवा नाही. आपण हे वाचलेलं असतं, तरी ब्रेट भिंग घेऊन ती हॅट न्याहाळू लागला की श्वास रोखला जातो. हातांच्या हालचाली बघाच त्याच्या!

होम्सचा मित्र वॉटसन साकारणारा नट मध्येच बदलतो, डेव्हिड बर्कच्या जागी एडवर्ड हार्डविक येतो. दचकू नका, मला तर दुसरा जास्त आवडतो. शेवटचे भाग मात्र थोडे उतरलेत. ब्रेट तेव्हा खूप आजारी होता, आणि ते चेहऱ्यावर दिसतं.